कमीत कमी कोडमध्ये डेस्कटॉप ॲप : लालबागच्या कांडपाची टोकन वही लाझारसमध्ये

मार्च उजाडला की लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत वर्षाचं तिखट करून घेणाऱ्यांची गर्दी सुरू होते, ती पावसाच्या तोंडापर्यंत. रंगाला बेडगी, तिखटपणाला लवंगी, शिवाय ज्याच्या त्याच्या घरच्या सवयीप्रमाणे संकेश्वरी नाहीतर पांडी. मिरची निवडायची, भाजून घ्यायची, कांडपाला द्यायची, टोकन घेऊन निघायचं आणि सांगितलेल्या वेळी पिशवी न्यायला यायचं. या सगळ्याचा हिशेब बहुतेक ठिकाणी एका लांबट वहीत असतो. वही चांगलीच असते. पण शनिवारी दुपारी समोर पंधरा माणसं उभी असताना ‘मागच्या आठवड्यातलं कोणाचं न्यायचं राहिलंय आणि कोणाचे पैसे बाकी आहेत’ हे वही पटकन सांगत नाही.

अशा दुकानाला दरमहा भाडं भरायचं ऑनलाइन सॉफ्टवेअर लागत नाही. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला एखादा जुना कॉम्प्युटर, त्यावर एक छोटं डेस्कटॉप ॲप आणि नोंदींची एक फाइल एवढं पुरतं. इंटरनेट गेलं तरी काम थांबत नाही. असं ॲप पहिल्या पायरीपासून कसं उभं करायचं ते इथे सांगतो. हाताने लिहायचा कोड पंधराच्या आसपास ओळींचा आहे. बाकीचं सगळं माउसने आणि गुणधर्मांच्या यादीतून होतं. कांडपाच्या जागी लॉन्ड्री, झेरॉक्सचं दुकान किंवा सोसायटीची मेंटेनन्स वही घेतलीत तरी पायऱ्या त्याच राहतील.

लाझारसच का

खिडकीवर बटणं ओढून ठेवायची आणि मागे थोडा कोड लिहायचा ही पद्धत व्हिज्युअल बेसिकने १९९१ मध्ये घराघरांत नेली. बोरलँडच्या डेल्फीने १९९५ मध्ये तीच पद्धत पास्कल भाषेत आणली. लाझारसचं काम १९९९ मध्ये सुरू झालं. डेल्फीच्याच धर्तीचं, पण मुक्त आणि मोफत असं हे साधन फ्री पास्कल कंपायलरवर (लिहिलेल्या कोडचं चालणारं ॲप बनवणाऱ्या प्रोग्रामवर) चालतं. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींसाठी त्यातून ॲप बनतं. त्याच्या घटकसंग्रहाचा (बटणं, चौकोन अशा तयार भागांच्या संग्रहाचा) परवाना असा आहे की तुमचं ॲप विकलंत किंवा त्याचा कोड कोणाला दिला नाहीत तरी चालतं. धंद्यासाठी बनवणाऱ्याने हे आधीच बघून ठेवावं.

दुसरे पर्यायही चांगले आहेत. पायथन येत असेल तर क्यूट डिझायनरमध्ये खिडकी आखून ती पायसाइडमधून वापरता येते. पण नोंदींचा तक्ता डेटाबेसला जोडायला तिथे जास्त कोड लागतो. लिबरऑफिस बेसमध्ये कोडशिवाय फॉर्म होतात, मात्र दुकानातल्या कॉम्प्युटरवरही लिबरऑफिस बसवावं लागतं. इलेक्ट्रॉनवर बनलेलं ॲप स्वतःबरोबर अख्खा क्रोमियम ब्राउझर घेऊन येतं, आणि जुन्या कॉम्प्युटरला ते ओझं झेपत नाही. ‘मग एक्सेल का नको?’ हा प्रश्न हमखास येतो. एकटा माणूस शांतपणे बसून भरणार असेल तर एक्सेल उत्तम. गर्दीत मात्र कोणीतरी एकच रकाना क्रमाने लावतो, आणि नाव एकाचं नि बाकी दुसऱ्याची होऊन बसते. लाझारसमध्ये बनलेलं ॲप थेट मशिनच्या भाषेत कंपाइल होतं, दुसरं काही बसवावं लागत नाही आणि जुन्या मशिनवरही पटकन उघडतं. माझा कौल म्हणून त्यालाच.

एक सूचना : घटकांची आणि बटणांची नावं मी देवनागरीत लिहितो आहे. लाझारसच्या पडद्यावर ती रोमन अक्षरांत दिसतील.

कॉम्प्युटर उघडण्याआधी वही उघडा

काउंटरवरच्या वहीची दोन पानं नीट वाचल्याशिवाय खिडकी आखायला बसू नका. बरेच लोक ही पायरी गाळतात आणि मग महिनाभर रकाने वाढवत बसतात. कांडपाच्या वहीत ओळी साधारण अशा असतात : ‘१४२, सातरस्त्याच्या काकू, बेडगी-लवंगी, ३.५००, भाजून, १०० जमा’. खाली ‘१४३, काळाचौकी, लाल पिशवी’. पान तिरकं धरून बघितलं की काही ओळींवर काट मारलेली दिसते. ती काट म्हणजे माल दिला. काही आकड्यांभोवती गोल असतो. तो गोल म्हणजे पैसे बाकी.

आपल्या ॲपचे रकाने याच खुणांतून निघतात. टोकन नंबर आपोआप वाढला पाहिजे. नावाच्या जागी ‘काळाचौकी, लाल पिशवी’ असंही लिहिता आलं पाहिजे, म्हणून पहिलं नाव, आडनाव असे वेगळे चौकोन करू नका. मोबाईल नंबर लागेल. मिरचीचा प्रकार मोकळ्या मजकुरात चालेल, कारण कांडपाचा दर एकूण वजनावर असतो. एका टोकनावर चार प्रकार आले तरी हिशेब एकाच वजनाचा. (प्रकारागणिक दर वेगळा असेल तर दोन तक्ते जोडावे लागतात. पहिल्या आवृत्तीत त्या भानगडीत पडू नका.) मग वजन, दर, एकूण, जमा, बाकी. काट मारण्याच्या जागी ‘स्थिती’ हा रकाना ठेवा, आणि त्यात चारच शब्द : आलं, भाजलं, कांडलं, दिलं.

वजन ग्रॅममध्ये, पूर्णांकात ठेवा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर साडेतीन किलोला ३.५०० दिसतं. टिंब सोडून तेच अंक टाइप केले की ३५०० ग्रॅम झाले. पूर्णांकाच्या चौकोनात टिंब उमटतच नाही, त्यामुळे चुकायला जागाही उरत नाही. रक्कमही पूर्ण रुपयांतच ठेवा.

लाझारस बसवणं

विंडोजसाठी लाझारसच्या अधिकृत संकेतस्थळावर इन्स्टॉलर मिळतो. कंपायलर त्यातच असतो. उबुंटू किंवा डेबियनवर पॅकेज मॅनेजरमध्ये लाझारस नावानेच सापडतो. पहिल्यांदा उघडल्यावर सेटिंगची एक खिडकी येते. कोणत्याही टॅबवर चुकीची किंवा इशाऱ्याची खूण नसेल तर सरळ पुढे जा.

फाइल मेनूतून नवीन प्रोजेक्ट, प्रकार ‘ॲप्लिकेशन’. रिकामा फॉर्म समोर आला की लगेच सगळं सेव्ह करा, आणि या प्रोजेक्टसाठी वेगळं फोल्डर करा. लाझारस एका प्रोजेक्टच्या बऱ्याच फाइली बनवतो. दोन प्रोजेक्ट एकाच फोल्डरमध्ये मिसळले तर कोणती फाइल कोणाची ते कळेनासं होतं.

आता पडद्यावर तीन गोष्टी ओळखून ठेवा. वर घटकांची पट्टी आहे, तिच्यात स्टँडर्ड, डेटा कंट्रोल्स, एसक्यूएलडीबी असे टॅब आहेत. डावीकडे ऑब्जेक्ट इन्स्पेक्टर आहे, त्यात निवडलेल्या घटकाचे गुणधर्म एका टॅबवर आणि घटना दुसऱ्या टॅबवर दिसतात. मधला फॉर्म म्हणजे तुमच्या ॲपची खिडकी. एफ-१२ दाबलं की फॉर्म आणि कोड यांच्यात ये-जा होते, एफ-९ दाबलं की ॲप चालू होतं. रिकाम्या फॉर्मवरच एकदा एफ-९ दाबून बघा. बिनबटणाची खिडकी उघडली म्हणजे सगळं नीट बसलं आहे.

घटकाचं ‘नेम’ आणि ‘कॅप्शन’ यांत गल्लत करू नका. नेम कोडसाठी असतं, ते रोमन अक्षरांतच द्यावं लागतं. कॅप्शन माणसांसाठी असतं, तिथे बिनधास्त ‘नवीन टोकन’ लिहा. मराठी अक्षरं नीट दिसावीत म्हणून फॉर्मच्या फाँटमध्ये निर्मला यूआय आणि आकार १२ एकदाच ठरवा. तो फाँट विंडोज ८ पासून सोबतच येतो. फॉर्मवरचे घटक आपल्या मालकाचा फाँट आपोआप उचलतात, म्हणून प्रत्येक लेबलवर तेच काम पुन्हा करावं लागत नाही.

नोंदींची फाइल

डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट घ्या. सर्व्हर नाही, पासवर्डची भानगड नाही, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये. डी. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये तो पहिल्यांदा प्रसिद्ध केला, आणि त्यावर कोणाचाच मालकीहक्क नाही. तक्ता बनवण्यासाठी ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ हे मोफत साधन उतरवा. त्यात नवीन डेटाबेस करा, नाव द्या, आणि तक्त्याच्या खिडकीत वर ठरवलेले रकाने एकेक करून भरा. रकान्यांची नावं साध्या रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.

टोकनचा रकाना इंटिजर (पूर्णांक) ठेवा, त्याला प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख) आणि ऑटोइन्क्रिमेंट (आपोआप वाढणारा नंबर) अशा दोन्ही खुणा करा. वजन, दर, एकूण, जमा, बाकी हेही इंटिजर. मजकुराच्या रकान्यांना मात्र ‘टेक्स्ट’ हा प्रकार देऊ नका, जरी तो यादीत समोरच दिसला तरी. लाझारस टेक्स्टला लांबलचक मजकूर समजतो, आणि तक्त्यात नावाच्या जागी कंसात नुसतं ‘मेमो’ दाखवतो. नवख्यांचा अर्धा दिवस यात जातो. प्रकाराच्या जागी ‘व्हारचार’ टाइप करा आणि कंसात लांबी द्या. ती लांबी सढळ ठेवा : यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. नावाला १५०, प्रकाराला १५०, स्थितीला ३०, तारखेला ३० असं धरा. मोबाईल नंबरही व्हारचारच, कारण त्याची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. नावाच्या रकान्याला ‘नॉट नल’ची खूण करा, म्हणजे बिननावाची नोंद डेटाबेसच परत पाठवेल.

शेवटी ‘राइट चेंजेस’ दाबून ते साधन बंद करा. न लिहिलेले बदल तसेच ठेवून ते उघडं राहिलं तर तुमच्या ॲपला ‘डेटाबेस लॉक्ड’ असा निरोप मिळतो.

विंडोजवर आणखी एक फाइल लागते, एसक्यूलाइट-३ ची डीएलएल (ॲपला डेटाबेस वाचता-लिहिता यावा म्हणून लागणारा तयार कोड). ती एसक्यूलाइटच्या संकेतस्थळावर मिळते. तुमचा लाझारस ६४ बिट असेल तर डीएलएलही ६४ बिटच हवी. तिची एक प्रत लाझारसच्या मूळ फोल्डरमध्ये आणि दुसरी तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवा.

न दिसणारे चार घटक

एसक्यूएलडीबी टॅबवरून तीन घटक फॉर्मवर टाका : एसक्यूलाइट-३ कनेक्शन (फाइलशी जोडणी), एसक्यूएल ट्रान्झॅक्शन (बदल पक्के करणारा) आणि एसक्यूएल क्वेरी (नोंदी मागवणारा). डेटा ॲक्सेस टॅबवरून चौथा, डेटासोर्स (नोंदी पडद्यावरच्या घटकांना पुरवणारा). ॲप चालू असताना हे दिसत नाहीत, म्हणून फॉर्मवर कुठेही ठेवा.

जोडणी अशी. कनेक्शनच्या ‘डेटाबेसनेम’मध्ये तुमच्या फाइलचा पूर्ण पत्ता द्या आणि त्याच्या ‘ट्रान्झॅक्शन’मध्ये ट्रान्झॅक्शन निवडा. ट्रान्झॅक्शनच्या आणि क्वेरीच्या ‘डेटाबेस’मध्ये कनेक्शन दाखवा. डेटासोर्सच्या ‘डेटासेट’मध्ये क्वेरी निवडा. क्वेरीच्या ‘एसक्यूएल’ गुणधर्मात सध्या एवढंच लिहा : तक्त्यातलं सगळं निवड, टोकनच्या उतरत्या क्रमाने. एसक्यूएल म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. ती नवीन असेल तर सिलेक्ट, फ्रॉम आणि ऑर्डर बाय एवढे शब्द इथे पुरतात.

आता क्वेरीचा ‘ॲक्टिव्ह’ ट्रू करा. चूक नसेल तर काहीही होणार नाही, आणि तेच हवं आहे. डेटा कंट्रोल्समधून एक डीबीग्रिड (नोंदींचा तक्ता) फॉर्मवर टाकून त्याला डेटासोर्स दाखवलात की रकान्यांची नावं लगेच, ॲप न चालवताच दिसतील. कोडची एकही ओळ अजून लिहिलेली नाही.

पोस्ट, अप्लाय, कमिट

इथे थोडं थांबू, कारण या पद्धतीत सर्वात जास्त नोंदी इथेच हरवतात. ग्रिडमध्ये ओळ लिहिली, सेव्हचं बटण दाबलं, ओळ दिसली. ॲप बंद करून उघडलं तर ओळ गायब. दोष कोणाचाच नाही. लाझारसमध्ये नोंद पक्की होण्याचे तीन टप्पे आहेत, आणि सेव्हच्या बटणाने पहिलाच झाला.

‘पोस्ट’ म्हणजे नोंद क्वेरीच्या स्वतःच्या आठवणीत, म्हणजे मेमरीत गेली. ‘अप्लाय अपडेट्स’ म्हणजे ती तिथून डेटाबेसकडे पाठवली. ‘कमिट’ म्हणजे डेटाबेसने ती पक्की केली. बँकेच्या व्यवहारात हे टप्पे वेगळे असणं फार मोलाचं आहे : दोन खात्यांत बदल करून ते एकदमच पक्के करता येतात. टोकनच्या वहीत त्याची गरज नाही, इथे प्रत्येक ओळ स्वतंत्र आहे.

जुन्या लेखांत यासाठी सेव्हच्या बटणामागे कोड लिहायला सांगतात. आता लागत नाही. क्वेरीचा ‘ॲक्टिव्ह’ आधी फॉल्स करा, मग तिच्या ‘ऑप्शन्स’मध्ये तीन खुणा करा : ऑटो अप्लाय अपडेट्स, ऑटो कमिट आणि कीप ओपन ऑन कमिट. पहिल्या दोन खुणांनी पोस्ट झाल्या झाल्या पुढचे टप्पे आपोआप होतात. तिसरी नसेल तर प्रत्येक कमिटनंतर क्वेरी बंद होते आणि समोरचा तक्ता रिकामा पडतो. काउंटरवरचा माणूस ते बघून घाबरतो, आणि त्याचं घाबरणं रास्त आहे.

हे झालं की ‘ॲक्टिव्ह’ पुन्हा ट्रू करून परीक्षा घ्या. ॲप चालवा, नोंद करा, ॲप बंद करा, पुन्हा उघडा. नोंद जागेवर असेल तरच पुढे जा.

मांडणी

आधी फॉर्मवर एक पॅनल टाका आणि त्याचं ‘अलाइन’ वरच्या बाजूला ठरवा. खालच्या डीबीग्रिडचं अलाइन ‘क्लायंट’ करा, म्हणजे उरलेली सगळी जागा तो घेईल. खिडकी लहान-मोठी केली तरी दोघं आपापल्या जागी राहतात.

पॅनलमध्ये आळीपाळीने एक लेबल आणि एक डीबीएडिट (रकान्याला जोडलेला लिहायचा चौकोन) टाकत जा. ते सरळ रेषेत यावेत म्हणून माउसने सरकवत बसू नका. पॅनलच्या ‘चाइल्ड साइझिंग’ गुणधर्मात ‘लेआउट’ डावीकडून उजवीकडे, मग वरून खाली असं निवडा आणि ‘कंट्रोल्स पर लाइन’ला ४ द्या. लेबल, चौकोन, लेबल, चौकोन अशा ओळी स्वतःहून लागतात. तिथेच आडवं नि उभं अंतर ६ किंवा ८ पिक्सेल द्या. उद्या ‘मोबाईल’ऐवजी ‘व्हॉट्सॲप नंबर’ असं लांब लेबल आलं तरी बाकीचे घटक जागा करून देतात. लाझारसमधली ही सोय फार कमी लोक वापरतात, आणि वेळ सर्वात जास्त हिच्यामुळेच वाचतो.

प्रत्येक डीबीएडिटला दोनच गोष्टी सांगायच्या : डेटासोर्स कोणता आणि रकाना कोणता. स्थितीसाठी डीबीकॉम्बोबॉक्स घ्या, त्याच्या ‘आयटम्स’मध्ये ते चार शब्द लिहा, आणि ‘स्टाइल’ अशी निवडा की यादीबाहेरचं काही टाइप करता येणार नाही. एकूण आणि बाकीचे चौकोन ‘रीडओन्ली’ ठेवा, कारण ते ॲपच भरणार आहे.

ग्रिडही रीडओन्ली करा. लोकांना थेट तक्त्यात लिहायला आवडतं, पण गर्दीत दुसऱ्याच ओळीवर बोट पडतं. नोंद वर करायची, तक्ता फक्त बघायला. ग्रिडवर राइट क्लिक करून रकान्यांच्या संपादकात जा, प्रत्येक रकान्याला मराठी मथळा द्या आणि नको ते रकाने काढून टाका. नाव, वजन, बाकी आणि स्थिती ठळक दिसली की झालं.

बटणं, तीही कोडशिवाय

डीबीनेव्हिगेटर टाकला की पुढे, मागे, नवीन, सेव्ह अशी तयार बटणं मिळतात. पण त्यांवरची छोटी चिन्हं काउंटरवर कळत नाहीत. मोठी, मराठी शब्दांची बटणं हवीत, त्यासाठी स्टँडर्ड टॅबवरचा ॲक्शनलिस्ट घ्या. त्यावर डबल क्लिक करा, ‘नवीन स्टँडर्ड ॲक्शन’ निवडा आणि यादीतून डेटासेटच्या इन्सर्ट, पोस्ट, कॅन्सल आणि रीफ्रेश या चार क्रिया घ्या. त्यांची कॅप्शन ‘नवीन टोकन’, ‘जतन करा’, ‘रद्द’, ‘ताजी यादी’ अशी बदला. प्रत्येकीला डेटासोर्स दाखवा आणि ‘शॉर्टकट’मध्ये एफ-२, एफ-३, एस्केप, एफ-५ द्या. मग चार साधी बटणं टाकून प्रत्येकाच्या ‘ॲक्शन’मध्ये एकेक क्रिया जोडा.

ॲप चालवून बघा. नोंद लिहायला घेतली नाही तोवर ‘जतन करा’ फिकट असतं, ‘नवीन टोकन’ दाबलं किंवा जुन्या नोंदीत पहिलं अक्षर पडलं की जागं होतं. हे भान त्या क्रियांना मुळातच आहे. डिलीटची क्रिया मी मुद्दाम घेतलेली नाही. वहीतलं पान कोणी फाडत नाही, चुकलेल्या ओळीवर फक्त रेघ मारतात.

आता लिहायच्या त्या ओळी

क्वेरी निवडा, इन्स्पेक्टरमध्ये घटनांच्या टॅबवर जा. ‘आफ्टर’, ‘बिफोर’, ‘ऑन’ अशा नावांच्या घटना दिसतील. एखाद्या घटनेसमोरच्या टिंबांवर क्लिक केलं की लाझारस रिकामी प्रोसीजर लिहून देतो. तुम्ही फक्त बिगिन आणि एंड यांच्या मध्ये लिहायचं.

‘ऑन न्यू रेकॉर्ड’मध्ये दोन ओळी. पहिलीत तारखेच्या रकान्यात आजची तारीख : फॉरमॅट-डेट-टाइम या फंक्शनला वर्ष-महिना-दिवस असा साचा आणि ‘नाऊ’ द्या. वर्ष आधी लिहिल्याने मजकूर असूनही तारखा बरोबर क्रमाने लागतात. दुसरीत स्थितीच्या रकान्यात ‘आलं’. ही दुसरी ओळ विसरू नका. पुढे आपण ‘स्थिती दिलं नसलेल्या नोंदी’ असं विचारणार आहोत, आणि एसक्यूएलमध्ये रिकामी स्थिती त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणत नाही. अशी नोंद यादीत दिसतच नाही.

‘बिफोर पोस्ट’मध्ये आणखी दोन ओळी. एकूण म्हणजे वजन गुणिले दर, त्यात ५०० मिळवून, १००० ने पूर्णांक भागाकार. पास्कलमध्ये त्यासाठी ‘डिव्ह’ वापरतात. ५०० मिळवल्याने रक्कम जवळच्या रुपयाला येते. समजा दर किलोला ६० रुपये आणि वजन ३५०० ग्रॅम, तर २१० रुपये. दुसरी ओळ : बाकी म्हणजे एकूण वजा जमा. रकान्यापर्यंत पोचायला क्वेरीच्या ‘फील्ड-बाय-नेम’ला रकान्याचं नाव द्यायचं आणि पुढे ‘ॲज-इंटिजर’ लावायचं. आधीच्या दोन ओळींतही तोच साचा आहे, फक्त तिथे मजकूर असल्याने ‘ॲज-स्ट्रिंग’ लावायचं.

शोधासाठी पॅनलवर साधा एडिट टाका, डीबीएडिट नव्हे. क्वेरीच्या एसक्यूएलमध्ये अट वाढवा : स्थिती ‘दिलं’ नसावी, आणि नाव किंवा मोबाईल ‘लाइक’ पॅरामीटर असावा. ‘किंवा’च्या दोन्ही बाजू मिळून कंसात घ्या, नाहीतर अटींचा अर्थ बदलतो. पॅरामीटर म्हणजे शोधाचा मजकूर नंतर भरायची जागा, त्याचं नाव कोलनने सुरू होतं. ‘लाइक’ म्हणजे त्या मजकुराशी जुळणारं. एडिटच्या ‘ऑन चेंज’मध्ये तीन ओळी : क्वेरी बंद करा, पॅरामीटरमध्ये लिहिलेला मजकूर दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून द्या, क्वेरी उघडा. क्वेरी बंद होताना अर्धवट लिहिलेली नोंद जाते, म्हणून आधी जतन आणि मग शोध ही सवय लावा. शोधायला मोबाईलचे शेवटचे चार अंक सर्वात भरवशाचे. नाव लिहिताना एक जण ‘शिंदे’ लिहितो, दुसरा ‘शिन्दे’, आणि कॉम्प्युटरला ती दोन वेगळी माणसं वाटतात.

काउंटरवर हात सवयीने एंटरकडे जातो, टॅबकडे जात नाही. फॉर्मचा ‘की प्रीव्ह्यू’ ट्रू करा आणि ‘ऑन की प्रेस’मध्ये लिहा : दाबलेली कळ १३ नंबरची असेल, तर ‘सिलेक्ट नेक्स्ट’ने पुढच्या चौकोनात जा आणि कळ शून्य करा. मग फॉर्मवर राइट क्लिक करून टॅबचा क्रम लावा : नाव, मोबाईल, प्रकार, वजन, दर, जमा. एकूण आणि बाकीचा ‘टॅब स्टॉप’ काढून टाका. एका हाताने पिशवी धरून दुसऱ्या हाताने आख्खी नोंद व्हायला हवी, एवढं लक्षात ठेवून हा क्रम दोनदा तपासा.

अंकांची एक अडचण मराठी कळफलकावरच येते. मराठी चालू असताना वरच्या ओळीतून देवनागरी अंक उमटू शकतात आणि इंटिजरचा रकाना ते घेत नाही. आकडे उजवीकडच्या न्यूमपॅडवरून टाइप करायला सांगा. कीबोर्ड विकत घेतानाच न्यूमपॅडवाला घ्या.

दुकानात नेताना

तुमच्या कॉम्प्युटरवर चालणारं ॲप दुकानात उघडत नाही, याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं : डिझाइन करताना दिलेला फाइलचा पत्ता. क्वेरीचा ‘ॲक्टिव्ह’ आणि कनेक्शनचा ‘कनेक्टेड’ ट्रू राहिला तर ॲप उघडताक्षणी तुमच्या घरच्या फोल्डरचा पत्ता शोधायला जातं. दोन्ही फॉल्स करा. मग फॉर्मच्या ‘ऑन क्रिएट’मध्ये तीन ओळी : कनेक्शनच्या डेटाबेसनेममध्ये ‘ॲप्लिकेशन डॉट लोकेशन’ अधिक फाइलचं नाव, शोधाच्या पॅरामीटरमध्ये नुसतं टक्क्याचं चिन्ह, आणि क्वेरी उघडा. कनेक्शन वेगळं उघडावं लागत नाही, क्वेरीच ते चालू करते. पत्ता चुकला तर एसक्यूलाइट तक्रार न करता नवी, रिकामी फाइल बनवतो आणि मग ‘नो सच टेबल’ म्हणतो. असा निरोप आला तर तक्ता नाही, पत्ता तपासा.

प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये ‘रिलीज’ ही बांधणी निवडून पुन्हा बिल्ड करा. चुका शोधण्यासाठीची माहिती वगळली जाते आणि ईएक्सई फाइल बरीच लहान होते. ती फाइल, डीएलएल आणि डेटाबेसची फाइल या तिन्ही एका फोल्डरमध्ये घालून पेन ड्राइव्हवर न्या. फोल्डर ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ठेवू नका. तिथे साध्या युजरला लिहिण्याची परवानगी नसते. डी ड्राइव्ह चांगला. डेस्कटॉपवर शॉर्टकट करून द्या.

पावती छापण्यासाठी लाझारससोबत लाझरिपोर्ट येतो, त्यात पावतीही माउसने आखता येते. पण पहिल्या हंगामात छापील टोकनांचे गठ्ठे तसेच वापरा. ॲपमधला नंबर आणि हातातलं टोकन जुळत राहिलं की पुरे. दोन्ही एकाच नंबरापासून सुरू व्हावीत म्हणून पहिल्या दिवशीची पहिली नोंद डीबी ब्राउझरमधून योग्य टोकन नंबर घालून करा. पुढचे नंबर तिथून वाढतात.

राहिला बॅकअप. सगळा हिशेब एका फाइलमध्ये आहे, म्हणून रोज दुकान बंद करताना ॲप बंद करून ती फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी करायची, नावापुढे तारीख घालून. तो पेन ड्राइव्ह दुकानात ठेवायचा नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. हिंदमाता-परळच्या बाजूला तर त्याच्या कितीतरी कमी पावसातही रस्त्यावर पाणी भरतं. तळमजल्याच्या गाळ्यात कॉम्प्युटर काउंटरखाली जमिनीवर न ठेवता फळीवर चढवा, आणि पेन ड्राइव्ह मालकांच्या खिशात घरी जाऊ द्या.

पहिले पंधरा दिवस वही आणि ॲप दोन्ही चालू ठेवा. रोज रात्री वहीतली जमेची बेरीज आणि ॲपमधली बेरीज ताडून बघा. फरक आला तर त्याच दिवशी शोधा. बहुतेक वेळा गर्दीच्या तासातली एखादी नोंद ॲपमध्ये करायची राहिलेली असते, आणि ती कोणत्या चौकोनाशी अडली हे काउंटरवरच्या माणसाला विचारलंत की टॅबचा क्रम कुठे बदलायचा तेही कळतं.